उलटी लव

...बोट वरून खाली नेलं की मांजराच्या पाठीसारखं गुळगुळीत, आणि खालून वर नेलं की मखमल अडवते, लव ताठ उभी राहते – म्हणजे ही बाही बरोबर. आता दुसरी. ही खालून वर गुळगुळीत. पुन्हा बोट फिरवलं... तेच. तिने दोन्ही बाह्या खिडकीशी धरल्या, तर एक जांभळी आणि एक जवळजवळ काळी, जणू दोन वेगळ्या ताग्यांतल्या. आणि कापड एकच, कापणारे हातही एकच.

मी कापली. मीच.

मखमलीला कात्री लावण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने बाण काढायचा, लव जाईल तिकडे – ही आईच्या दुकानाची शिस्त. पण बाण नवशिक्यांसाठी असतात, असं तिला परवा वाटलं होतं. पहिल्यांदाच मखमल हातात मिळालेली, वर्गात तिने केवढी शेखी मिरवली होती! आणि आता कापड संपलंय, उद्या सकाळी शाळेत कार्यक्रम, कोट घालून बघायला मैत्रीण टिटवी येईलच इतक्यात.

"झाल्या का गं बाह्या?" आतून आई.

"होतायत."

"शिवतेयस की विणतेयस?"

सांगून टाकावं. आई ओरडेल, दोन दिवस टोमणे मारेल, ते चालेल. पण आई आधी विचारेल, लक्ष कुठे होतं तुझं? – आणि तिथेच सगळं अडतं...

परवा कापताना टिटवी याच टेबलाच्या टोकाला पाय हलवत बसली होती. शाळेत नव्या मुलांचं ओरिएंटेशन, म्हणजे वाचनालय इकडे, प्रयोगशाळा तिकडे, घाबरू नका वगैरे, आणि ते करणार टिटवी, याच कोटात. भाषणाच्या सुरुवातीला 'ओरिएंटेशन' या शब्दाचे अर्थ सांगायचे म्हणून तिने कोशातून सगळे उतरवून आणले होते. इमारतीचं तोंड कुठे आहे ते. कागद उभा की आडवा ते. आपण कुठे उभे आहोत याचं भान. "आणि ऐक ना, माणसाच्या मनाची ओढ मुलांकडे की मुलींकडे, तेही! एका शब्दात किती ती गर्दी!" म्हणत टिटवी हसली आणि पुढच्या ओळीवर गेली. ही मात्र त्याच ओळीवर राहिली – कात्री हातात, नजर टिटवीच्या मानेवर सुटलेल्या केसांवर – आणि कात्री चालली.

तिने बाह्या उचलल्या, गुपचूप कोटाला कच्ची टीप घातली. जसं आहे तसं. सुई दोनदा बोटात गेली. बसवेना, उठवेना.

"काकू, कोट झाला, की मी म्हातारी झाल्यावर येऊ?" टिटवी दारातूनच.

"ये गं बाई, तुझ्याच नावाचा जप चाललाय," आई तोंडात टाचण्या धरून बाहेर आली.

टिटवीने कोट चढवला, आरशासमोर गिरकी घेतली, थांबली. "ही बाही काळी दिसतेय का? की उजेडच तसा आहे?"

आईने पुढे होऊन बाहीवरून फक्त तळवा फिरवला. खाली. वर. मग एकेक टाचणी काढून डबीत टाकली – इतक्या सावकाश की तिला वाटलं, ओरड ना एकदाची!

"बाण काढला नव्हतास."

"नाही."

"लक्ष कुठे होतं?"

झोप आली होती, डोकं दुखत होतं, उजेड नव्हता... तयार केलेली सगळी उत्तरं होती जागेवर.

"हिच्याकडे," ती म्हणाली.

"बघा! मीच बडबडत होते, काकू," टिटवी लगेच, "तिला नका ना रागावू."

"हिच्या बडबडीकडे ना?" आईने विचारलं, नुसतीच चूक समजून घ्यायला, की आणखी कशाला, आवाजावरून कळेना.

केवढं सोपं होतं! मान हलवायची फक्त. आई उसवायला घेणार, टिटवी हसणार, रात्री तिघी मिळून तुकडे जोडून काहीतरी मार्ग काढणार... मान हलेना. आरशातून टिटवी हिच्याकडेच बघत होती, आणि त्या बघण्याचा अर्थ काही केल्या लागत नव्हता. पण पळावंसं, नवल म्हणजे, मुळीच वाटत नव्हतं.