मोरस बेटाशी देवघेव

आमच्या येसूनं एका अख्ख्या बेटाशी व्यापार तोडला, आणि तो तोडायची अक्कल तिला दिली मी. म्हणून आता गावात कुणी मला शहाणा म्हटलं की मी तिथून उठून जातो.

बेट म्हणजे मोरस. ती पांढरीशुभ्र मोरस साखर येते ना, ती तिथली. येसूचा धाकटा भाऊ नामा पाच वर्षांच्या करारावर तिकडं ऊस तोडायला गेला. आई लवकर गेलेली, येसूनंच त्याला लहानाचा मोठा केला. तो गेल्यापासून ही मला रोज विचारायची, "अवो, येल ना तो?" आणि मी म्हणायचो, "येल गं, जातो कुठं!" पाच वर्षं सरली, करार संपला, पण नामा काय आला नाय. तिथंच बंदरावर साखरेच्या गोण्या वाहायला लागला.

मी दर पौषात गवताच्या गाठी घेऊन आगगाडीनं मुंबईला जायचो. त्या साली बंदरावर लडकू म्हणून एक खलाशी मला हुडकत आला. मोरसच्या जहाजावरचा. त्यानं माझ्या हातात पानांची विणलेली एक पिशवी दिली, केवड्याच्या पानांसारखी पानं. आत पाच शेर साखर आणि चिठ्ठी. चिठ्ठी कर्जत स्टेशनातल्या कारकुनानं वाचून दाखवली, ती मी पळसदरीला घरी येईपर्यंत तोंडपाठ केली आणि येसूला ऐकवली. "बाय, इथं ऊस सोडला तर काय पिकत नाय. साखर तेवढी बाहेर जाते, बाकी समदं बाहेरून येतं. तांदूळ जहाजानं, डाळ जहाजानं, तूप जहाजानं. बैलसुदीक जहाजातनं उतरतो."

"बैलसुदीक?" येसूनं डोळे मोठे केले. "मग घरचं असं हाय काय त्यांच्यात?"

"साखर."

"अगं बाई! साखर कालवून भात खातात का काय? आणि वाल?"

"वाल कुठनं असणार तिथं?"

वाल नाय म्हटल्यावर ती मटकन खाली बसली. भाऊ जहाजात चढला तेव्हाही ती एवढी हबकली नव्हती. नामाला वालाचं बिरडं म्हणजे जीव की प्राण. भिजवून, मोड आणून, सोलून केलेलं बिरडं असलं की हा भाताची टोपली रिकामी करायचा.

साखर तिनं गावात चिमूट चिमूट वाटली. मग पिशवी झटकली, उन्हात घातली आणि म्हणाली, "ही परत धाडायची."

मला हसूच आवरेना. "अगं येडे, मुंबईत असल्या पिशव्या चुलीत घालतात! माल उतरला की पिशवीला कोण इचारतो?"

"मुंबईवाल्यांना आईबापानं शिकवलं नसल. भरून आलेलं भांडं ठेवून घ्यायचं नाय आणि रिकामं परत द्यायचं नाय. माझ्या माहेरात तरी अशीच रीत हाय."

रीत माझ्याही घरात तीच, पण शेजारच्या घरापुरती. आमटीची वाटी आली, तर जाताना तिच्यात दोन सुपाऱ्या घालाव्यात, एवढी. सात समुद्र ओलांडून वाटी परत करायची असते हे मला कुठं ठाऊक! पण येसूपुढं बोलून फायदा नाय. चैत्रात नव्या वालांनी पिशवी भरली आणि मला पुन्हा गाडीत बसवलं. बंदरावर सगळे खलाशी पोट धरून हसले. साखरेची पिशवी भरून परत करणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

आता हसायचं त्यांनी हसून घेतलं, पण नामा बहिणीच्याच वळणाचा ना! त्यालाही रिकामी पिशवी ठेवून घेववेना. पुढच्या पौषात तीच पिशवी साखर भरून हजर. चैत्रात वाल घालून रवाना. पुन्हा पौषात साखर. असं चार वर्षं चाललं. मी तिला शेठाणी म्हणायला लागलो. "काय शेठाणी, औंदा बेटाला माल कसा काय?" ती फणकारायची, पण गालात हसायची. एकेक वाल निवडून घ्यायची. किडका दाणा बेटावर गेला तर कर्जत-खालापूरचं नाव जाईल म्हणायची. तिकडनं चिठ्ठी यायची, बाय, बिरडं केलं, आपल्याकडची चार माणसं जेवायला बोलावली, एक म्हातारा वाटी चाटूनपुसून रडला. ते ऐकून ही पण रडायची, आणि डोळे पुसून मला विचारायची, "अवो, येल ना तो?"

एका दुपारी मी जेवून आडवा झालो होतो, तर पुन्हा तेच. मी वैतागून म्हणालो, "कशाला येल? त्याला जे पायजे ते तूच घरपोच धाडतेस! वाल बंद कर, पोटच वढून आणील त्याला."

गंमत केली हो मी! पण येसू हसली नाय. ती हसली नाय की समजायचं, तिनं कायतरी ठरवलं.

त्या चैत्रात पिशवी खुंटीलाच राहिली. मला ताकीद मिळाली, लडकूपुढं एक शब्द बोलायचा नाय. मी बंदरावर गेलो. लडकूनं हात पुढं केला, "पिशवी?" खोटं मला जमत नाय आणि खरं सांगायची बंदी. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "आता पिशवी यायची नाय." आणि तिथनं पळालो.

घरात मात्र येसूची दशा बघवेना. दुसऱ्याचं भांडं घरात अडकवून ठेवलंय, तिला घास गोड लागेना. पिशवीवर जुनं लुगडं टाकलं, तरी जाता-येता तिकडंच बघायची. मी म्हटलं, "धाड की मग!" तर म्हणाली, "आता धाडली तर तो कधीच यायचा नाय." पौषात मी मुंबईला गेलो तर लडकूचं जहाजच लागलेलं नव्हतं. हे मी तिला सांगितलं आणि आम्ही दोघंही त्या रात्री जेवलो नाय.

माघात एका सकाळी मी अंगणात खाटेचा सुंभ आवळत बसलो होतो. एक बाप्या आला आणि माझ्या गळ्यातच पडला. हमसून हमसून रडायला लागला. बघतो तर नामा! वाळलेला, काळवंडलेला, आणि ओठावर मिशी नाय. आमच्यात आईबाप गेले की मिशी उतरवतात.

"दाजी, कशी गेली वो माझी बाय?"

"चालत गेली," मी म्हणालो. "धुणं घेऊन, ओढ्यावर."

तेवढ्यात येसू आलीच, डोक्यावर धुण्याची टोपली घेऊन. नामानं तिला पाहिलं आणि किंचाळून माझ्यामागं लपला. भूत म्हणून! मग काय, एकच गोंधळ. टोपली खाली, पिळलेली लुगडी मातीत, आणि ही त्याला एका हातानं बडवतेय अन् दुसऱ्या हातानं कुरवाळतेय. "मेल्या, जित्ती हाय मी! मिशी कुठं हाय तुझी?"

"लडकू म्हणाला, दाजींनी मान खाली घातली आणि म्हणाले, आता पिशवी यायची नाय. बाय, तू जित्ती असताना दुसऱ्याचं भांडं ठेवून घेशील, हे मला कसं वाटावं? आईच्या जागी तू. मी तिथंच मिशी उतरवली, तुझे दिवसही घातले."

येसूनं माझ्याकडं पाहिलं. ते कसं पाहिलं ते मी सांगत नाय.

पुढचे चार दिवस आमच्या घरात दिवाळी. सकाळ-संध्याकाळ बिरडं. मला हुकूम सुटला, नामासाठी पडवी सारवून घ्या, कूड बांधा. चौथ्या दिवशी वाल सोलता सोलता येसू म्हणाली, "खालापूरकडं एक पोर हाय बघ, नाकीडोळी नीटस."

नामा जमिनीकडं बघायला लागला. "बाय, माझं लगीन झालंय. सुंदरा नाव हाय. तिथंच जन्मली, पण आपल्याच रत्नांगिरीकडच्या माणसांची. तुला न इचारता केलं, म्हणून कळवायला भ्यालो."

मी डोक्यावर हात घेतले. आता वीज पडणार! पण येसूनं पुढचा वाल सोलायला घेतला.

"आणि पोरगी झालीय," तो पुटपुटला. "सहा महिन्यांची हाय. तू गेलीस असं वाटलं ना, म्हणून तिचं नाव येसू ठेवलंय."

येसूचा हात थांबला. परातीत सोललेला वाल पडायचा बंद झाला.

"बाय, तू म्हणशील तसं. तू राहा म्हणालीस तर राहतो. त्या दोघींना कुणाकरवी तरी बोलावून घेतो. येतील कधी ना कधी."

इतकी वर्षं ती ज्या शब्दाला टपून बसली होती, तो तिच्या पुढ्यात पडला होता. उचलायचा तेवढा बाकी. तिनं पदरानं नाक पुसलं.

"जहाज कधी हाय?"

"अगं, चारच दिस झालेत त्याला येऊन!" मी ओरडलो.

"तुमी गप बसा." ती नामाकडं वळली. डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि आवाज मात्र नेहमीचा, रागावल्यासारखा. "नामा, मी तिकडं सहा महिन्यांची हाय, आणि तू मला टाकून इकडं बिरडं खात बसलास व्हय रं? ऊठ. मी रडले तर मला उचलून कोण घेत असल तिकडं?"