फळ्यांच्या वाटेवर ऑर्विल

एकतीस वर्षांत ऑर्विलने यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून पाऊल आत टाकलं नव्हतं. तो बस चालवायचा त्या लिव्हिंग्स्टन गावापासून फाटक तासाभरावर, पण शाळेच्या सहलीची बस तो दरवर्षी दुसऱ्या ड्रायव्हरच्या गळ्यात मारायचा. कारण गावाला ठाऊक होतं. त्याची मुलगी डार्ला सहा वर्षांची असताना तिथल्या एका उकळत्या कुंडाच्या काठाची पातळ जमीन तिच्या पायाखाली खचली होती. ऑर्विलने तिला ओढून काढलं, पण तिचा डावा पाय गुडघ्यापर्यंत भाजला.

आज गाडी डार्ला चालवत होती. वाहनतळावर पोचल्यावर तो म्हणाला, "तू बघून ये. मी इथंच बसतो."

"बाबा, एवढ्या लांब तुम्हाला गाडीत बसवायला आणलं का मी? चला, उतरा."

तो उतरला. कुंडांवरून नेणाऱ्या लाकडी फळ्यांच्या वाटेवर कठडा घट्ट धरून एकेक पाऊल टाकू लागला. वाफेचा लोट वाऱ्यानं बाजूला सरला आणि खाली कुंड दिसलं. मधोमध गर्द निळं, मग हिरवं, पिवळं आणि काठाला गंजासारखं नारिंगी. ऑर्विलने नजर फिरवली. कुजक्या अंड्यांचा तोच वास.

"मी कॅमेऱ्यात रोल भरत होतो," तो एकदम बोलला. "म्हणून तुझा हात सोडला. तुझ्या आईलासुद्धा हे कधी सांगितलं नाही."

डार्ला थांबली. "तुम्ही कुठं सोडला? मीच हिसडा मारून सोडवला. तुमच्या हाताला किती घाम यायचा, शी! दोनदा दटावलंत मला. तिसऱ्यांदा मी पळालेच."

"तुला आठवतं?"

"सगळं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत तुम्ही मला बसच्या सगळ्या थांब्यांची नावं म्हणायला लावलीत. एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पायापेक्षा त्याचाच राग आला होता मला."

ऑर्विलला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्याच्या दोन्ही मनगटांवर त्या दिवसाचे पांढरे व्रण होते. डार्लाने त्यातल्या एकावर नुसता हात ठेवला. मग दोघं पुढं निघाली.

पुढच्या वळणावर, जमिनीतून उडणाऱ्या गरम पाण्याच्या कारंज्यासमोर, एक बाई छत्री नि वेळा टिपायची वही घेऊन बाकावर बसल्या होत्या. "अर्ध्या तासात उडेल बघा," त्या म्हणाल्या. "नाहीतर दोन तासांत. या कारंज्याला घड्याळ कळत नाही."

"आमची बसही अशीच यायची, असं लोक म्हणायचे," ऑर्विल म्हणाला आणि त्यांच्या शेजारी ऐसपैस बसला.

दीड तास गेला. सँडविचं खाऊन झाली. मग जमिनीत गुरगुर झाली, पाणी दोनदा उसळून खाली बसलं, आणि तिसऱ्यांदा जे उठलं ते पाइनच्या शेंड्यांहून वर गेलं. हवेत गार झालेले तुषार चेहऱ्यावर आले. पहिल्या गुरगुरीलाच ऑर्विल उठून कठडा धरून उभा राहिला होता. तो कठडा त्याने कधी सोडला, ते त्यालाही कळलं नाही.

पाणी ओसरल्यावर त्याने बाईंना विचारलं, "उद्या किती वाजता?"