श्टेफ्काबाईंना काय न्यावं

आई गेल्यापासून नाताळच्या भेटी आणायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याखेरीज माणसं उरली तीनच, पण त्यातलं एकही सरळ नाही. केझ्मारोकची हर्मीनाआत्या काय हवं ते ऑक्टोबरातच फोन करून सांगते. तेच आणून दिलं की म्हणते, "हे नव्हतं गं मी म्हणाले." बाबा म्हणतात, "मला काही नको," आणि ते अगदी खरं असतं. त्यांच्या कपाटात माझे चार स्वेटर लेबलासकट पडून आहेत. तिसरा माझा धाकटा भाऊ, तिबोर. तो तुरुंगात आहे. त्याला काय चालतं आणि काय चालत नाही, याची यादीच छापून येते, कागदाच्या दोन्ही बाजूंनी.

जवळजवळ तीन वर्षांपूर्वी तिबोर एका बेकरीची गाडी चालवायचा. मे महिन्यातल्या एका सकाळी आदल्या रात्रीची दारू उतरलेली नसताना तो कामावर गेला आणि वळणावर सायकलवरच्या बाईला त्यानं उडवलं. ती आमच्याच भागातली पोस्टाची श्टेफ्काबाई. अकरा वर्षं बाबांचं पेन्शन तिनं दारात आणून दिलेलं. ती वाचली, पण डावा पाय गुडघ्यातून वाकेनासा झाला आणि पोस्टाची नोकरी गेली. तिबोरला चार वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात बाबा मला म्हणाले, "त्याचं नाव घरात काढायचं नाही." मी काढलं नाही. दर महिन्याला मात्र भेटीला जात राहिले. बाबांना ते ठाऊक होतं. त्या दिवशी ते माझ्यासाठी डबा करून ठेवायचे आणि कुठे निघालीस म्हणून विचारायचे नाहीत.

गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी मी खरेदीला निघाले, तर बाबा कोट घालून दारात उभे.

"मीही येतो," म्हणाले.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? दुकानं काय तुझ्या एकटीची आहेत?"

पंच्याहत्तरीच्या माणसाशी कोण वाद घालणार. आम्ही बसनं पोप्रादच्या चौकात उतरलो. आत्याला विजेवर तापणारी गोधडी हवी होती, ती पहिल्याच दुकानात मिळाली. "गरम होतं म्हणेल," बाबा म्हणाले. मी म्हटलं, "म्हणू दे." मग आम्ही बुटांच्या दुकानात शिरलो. यादीत व्यायामाचे बूट चालतात असं होतं, एका रंगाचे, आत धातू नसलेले. कुणासाठी ते मी बोलले नाही. काळे बूट उचलले, त्रेचाळीस नंबर, आणि पैसे द्यायला निघाले.

"चव्वेचाळीस घे," मागून बाबा म्हणाले.

मी वळले. ते माझ्याकडे बघत नव्हते, मोज्यांच्या मांडणीकडे बघत होते.

"डावं पाऊल मोठं आहे त्याचं. नऊ वर्षांचा असताना लाकडांच्या शेडवरून उडी मारली होती. तुझी आई जन्मभर चव्वेचाळीसच घ्यायची आणि उजव्यात कापूस भरायची."

मी बूट बदलले. आम्ही बाहेर आलो. चौकात गरम वाइनच्या टपरीपाशी मी थांबले, दोन पेले घेतले, एक त्यांच्या हातात दिला.

"आता तुम्हाला काय हवं ते सांगा. स्वेटर आणणार नाही, घाबरू नका."

"मला काही नको." पेल्यावर हात शेकत ते उभे राहिले. मग म्हणाले, "श्टेफ्काबाईंना काय न्यावं, ते सांग. त्यासाठी आलोय मी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग एकेक बाहेर आलं. गेले दोन हिवाळे बाबा रोज सकाळी श्टेफ्काबाईंच्या घरी जाऊन पायऱ्यांवरचा बर्फ काढत होते. ती घराच्या खिडकीतून बघायची. पहिल्या वर्षी तिनं पडदा ओढला. दुसऱ्या वर्षी ओढला नाही. दार एकदाही उघडलं नव्हतं. आणि मला वाटत होतं, बाबा पाव आणायला जातात आणि रांगेत गप्पा मारत बसतात.

"नाताळला रिकाम्या हातानं फावडं घेऊन जायचं बरं दिसत नाही," ते म्हणाले.

मग आम्ही शोधायला लागलो. इतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. चपला नकोत. छडी तर नकोच. हातमोजे घेतले आणि परत ठेवले, कारण ती सायकलवर असले हातमोजे घालायची. मी म्हटलं, "चॉकलेटचा डबा?" बाबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. "मुलानं पाय मोडायचा आणि बापानं चॉकलेट न्यायचं?" मफलरपाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. मफलर चांगला होता, राखाडी, मऊ. दुकानातली मुलगी म्हणाली, "कुणासाठी आहे? वय काय? आवड काय?" बाबांनी तिला प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "आवड काय ते माहीत नाही, पण आम्ही तिला आवडत नाही." मुलगी बिचारी घडी घालायला लागली.

शेवटी चौकाच्या कडेला मासेवाल्याच्या हौदापाशी बाबा थांबले. पाण्यात नाताळच्या जेवणाचे कार्प मासे एकमेकांवर चढत होते.

"एकटी राहते," बाबा म्हणाले. "मासा साफ करायचा तर मोरीशी तासभर उभं राहावं लागतं. तिला उभं राहवत नाही." त्यांनी मासेवाल्याला सांगितलं, तेवीस तारखेला दोन मासे ठेव. मी म्हटलं, "भेट म्हणून मासा?" ते म्हणाले, "साफ केलेला मासा."

चोवीस तारखेला सकाळी त्यांनी मोरीत दोन्ही मासे साफ केले, एकाचे तुकडे केले, मीठ लावलं, फडक्यात बांधलं. फावडं घेतलं. मग दारात उभे राहून म्हणाले, "तू पण चल."

मी गेले. पायऱ्यांवर रात्रीचा बर्फ होता. बाबांनी तो काढला, मी पुडकं धरून उभी. शेवटची पायरी झाल्यावर त्यांनी टोपी काढली आणि दारावर टकटक केली. आतून कुबडीचा आवाज आला, सावकाश. दार उघडलं. मी श्टेफ्काबाईंना अपघातानंतर इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. पन्नाशीची बाई, केस आखूड कापलेले, अंगावर घरातला जाड स्वेटर.

"हुदाककाका," ती म्हणाली. मला बघून तिनं मान हलवली.

"मासा आणलाय," बाबा म्हणाले. "साफ केलेला. काटेही मोठे मोठे काढलेत."

ती पुडक्याकडे बघत राहिली. "मी कार्प खात नाही. चिखलाचा वास येतो."

बाबांचा चेहरा पडला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"मांजर खाईल," ती म्हणाली आणि पुडकं घेतलं. दार मात्र लावलं नाही. कुबडी एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "काका, तुम्ही दोन वर्षं बर्फ काढताय. मी सांगितलं नव्हतं, तरी काढताय. हा मासाही तसाच. तुम्ही मला उडवलंत का?"

"नाही."

"मग? मला वकिलाची तीन पत्रं आली. विम्याची आली. तुमच्या मुलाचं एक आलं नाही. चार ओळींचंही नाही. अकरा वर्षं मी अख्ख्या गल्लीची पत्रं वाटली, मला पत्र म्हणजे काय ते कळतं. मला काही द्यायचं असेल तर ते द्या. तुम्ही लिहिलेलं नको, हिनं लिहिलेलं नको. त्यानं लिहिलेलं."

बाबांनी टोपी हातात फिरवली. "मी त्याच्याशी बोलत नाही," ते म्हणाले.

"तो तुमचा प्रश्न आहे," श्टेफ्काबाई म्हणाली. "दार उघडं ठेवून घर गार होतंय." आणि तिनं ते लावलं.

आम्ही घरी आलो. दुपारी आत्या आली. संध्याकाळी जेवणाआधी बाबांनी रिवाजाप्रमाणे माझ्या कपाळावर मधाचा क्रूस काढला. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, तरी काढतात. कोबीचं सूप झालं, मासा झाला. आत्यानं गोधडी उघडली, "गरम होईल गं ही," म्हणाली. आत्या झोपायला गेली तशी बाबा भांडी पुसता पुसता म्हणाले, "तिथे जायचं तर काय करावं लागतं?"

मी ड्रॉवर उघडला. तुरुंगातून तिबोर दर महिन्याला भेटीचा कागद पाठवतो. त्यावर कोण येणार त्यांची नावं त्यालाच लिहावी लागतात. मी सव्वीस कागद ड्रॉवरच्या तळाशी जपून ठेवले होते. प्रत्येकावर दोन नावं होती, माझं झेल्मीरा हुदाकोवा आणि बाबांचं गेय्झा हुदाक. जानेवारीचा कागद मी त्यांच्यासमोर ठेवला. बाबांनी चष्मा लावला, वाचलं, मग खालचेही काढायला सांगितले. सगळे वाचले. एकच मजकूर, तरी सगळे वाचले.

"मला का नाही दाखवलेस?"

"त्याचं नाव काढायचं नाही म्हणालात तुम्ही."

"इतकं माझं ऐकत जाऊ नकोस," ते म्हणाले.

जानेवारीत आम्ही गेलो. टेबलाच्या पलीकडे तिबोर आला आणि बाबांना पाहून उभाच राहिला. पहारेकऱ्यानं बस म्हटल्यावर बसला. बाबांनी शेवटचं पाहिल्यापासून तो जाड झाला होता, केस विरळ. बाबांनी काही प्रस्तावना केली नाही.

"श्टेफ्काबाईंना पत्र लिही."

"काय लिहू? काय लिहिण्यासारखं आहे?" तिबोर म्हणाला. "मी दहा वेळा बसलोय. पहिल्या ओळीपुढे जात नाही."

"पहिली ओळ काय आहे?"

तिबोर माझ्याकडे बघायला लागला. मी काही मदत केली नाही.

"त्या दिवशी मी प्यालेला होतो, आणि मला ते माहीत होतं," तो म्हणाला.

बाबांनी मान थोडी कलती केली. रेल्वेत त्यांनी चाळीस वर्षं डब्यांची चाकं हातोडीनं वाजवून तपासली. तडा गेलेलं चाक वेगळं वाजतं. तसेच ऐकल्यासारखे बसले होते.

"तेवढीच पाठव," ते म्हणाले. "बाकीचं सुचेल तेव्हा पाठव."

त्यानं एक ओळ पाठवली नाही, दीड पान पाठवलं, असं मला मागाहून कळलं. काय लिहिलं ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. फेब्रुवारीत मोठा बर्फ पडला. एका सकाळी बाबा नेहमीपेक्षा तासभर उशिरा परत आले.

"कुठे होतात?"

"कॉफी प्यायला बोलावलं," ते कोट काढत म्हणाले.

"कुणी? श्टेफ्काबाईंनी? पत्राबद्दल काही बोलल्या?"

"आलं म्हणाली. दोनदा वाचलं म्हणाली."

"मग?"

"मग काय. अक्षर फार वाईट आहे म्हणाली. पोस्टात असती तर पत्ता वाचता आला नसता." ते खुर्चीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. "माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. कॉफी कडू होती. साखर संपली होती तिच्याकडे, उद्या किलोभर घेऊन जातो."

श्टेफ्काबाईंनी तिबोरला उत्तर पाठवलं नाही. मार्चमध्ये त्यानं दुसरं पत्र पाठवलं. आम्ही आता दर महिन्याला दोघं जातो, सकाळच्या गाडीनं. बाबा तिबोरशी फार बोलत नाहीत. छपराची डागडुजी, आत्याचे गुडघे, कुणाकडे काय पीक आलं, एवढंच. वेळ संपली की पहारेकरी सांगायच्या आधी तेच उठतात, टोपी घालतात, आणि मी बाहेर येईपर्यंत फाटकापाशी थांबतात.