तीन अर्जांची पोच

“झाकण नाही असं नका लिवू, गुरुजी. झाकण चोरी गेलं असं लिवा. नाही तं साहेब म्हणतीन, झाकण होतं तरी कवा?”

इश्वर माझ्या ओट्याच्या पायरीवर बसून सांगत होता आणि मी लिहीत होतो. हा तिसरा अर्ज. पहिला पोळ्यानंतर लिहिला, दुसरा दिवाळीच्या आधी आणि हा ऐन मंडईच्या जत्रेच्या दिवसांत. मजकूर तिन्ही वेळा एकच होता. विणकर लेआउटच्या तिसऱ्या गल्लीतल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण चोरीला गेलं आहे, खड्डा कमरेइतका खोल आहे, कोणी पडण्याआधी झाकण बसवावं, ही विनंती.

इश्वर पालिकेचा व्हॉल्व्हमन होता. एकोणीस वर्षं रोजंदारीवर. पहाटे पाचला खांद्यावर लोखंडी किल्ली टाकून कारध्याहून सायकलने पूल ओलांडून यायचा आणि गल्लीगल्लीचं पाणी सोडायचा. त्या वर्षी कायम करायच्या माणसांची यादी वर गेली होती आणि तिच्यात त्याचं नाव होतं. सातवीपर्यंत शिकलेला होता, पण साहेबापुढे आपलं कोंबडीच्या पायांचं अक्षर कशाला ठेवायचं म्हणून तो अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायचा आणि खाली फक्त सही करायचा.

माझ्याबद्दलही सांगून टाकतो. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा नागपूरच्या पेपरवाल्यांना कळलं की आमच्या जिल्ह्याचं पान भरायला आता अर्धीच गावं उरली. मग त्यांनी शहरातल्या मोहल्ल्यामोहल्ल्यातून माझ्यासारखी माणसं धरली. मी खाजगी शाळेत मराठी शिकवत होतो. तेव्हापासून कोणाची मोटारसायकल गेली, कुठली नाली तुंबली, कोणत्या रस्त्याचं भूमिपूजन कोणाच्या शुभहस्ते झालं, हे मी लिहीत आलो. बातमीखाली माझं नाव कधी छापलं नाही. ‘शहर प्रतिनिधी’ एवढंच छापतात. ते बरंच होतं म्हणा, कारण नाव नसलं की लाजही वाटत नाही.

झाकणं चोरीला गेल्याची बातमीही मी दिली होती. ‘भुरट्या चोरांचा सुळसुळाट, नागरिकांत भीतीचे वातावरण.’ भीतीबिती कोणाला वाटली नव्हती. लोखंड भंगारात गेलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खड्ड्यात आपण थोडेच पडणार, असं प्रत्येकाला वाटत होतं.

अर्ज लिहून झाला की इश्वर तो भय्याजींकडे द्यायचा. भय्याजी पालिकेत आवक-जावकला होते, म्हणजे आलेला कागद तेच घेणार आणि शिक्का मारणार. राहायला आमच्याच लेआउटमध्ये, माझ्यापासून चार घरं सोडून. त्यांच्या मुलीच्या लग्नात इश्वरने तीन दिवस टाकीवरून पाणी वाहिलं होतं. पहिल्या अर्जाच्या वेळी मी इश्वरला बजावलं होतं की दोन प्रती ने आणि एकीवर शिक्का मारून पोच घे. संध्याकाळी तो मान खाली घालून परत आला. भय्याजी म्हणाले होते, “घरच्या माणसाले पोच मांगतेस काय बे?” इश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या वेळी त्याने मागितली नाही, तिसऱ्या वेळीही नाही. आमच्याकडे हे असंच चालतं. परक्याकडून पावती घेतात, घरच्याकडून घेतली तर तो अपमान.

तोवर इश्वरने आपल्या परीने बंदोबस्त केला होता. नाल्याकाठची बेशरमाची मोठी फांदी तोडून त्या खड्ड्यात उभी केली होती आणि शेंड्याला लाल चिंधी बांधली होती. फांदी वाळली की तो नवी आणायचा.

त्या फांदीचा खरा आधार होता तो सत्यभामाबाईंना. त्या मूळच्या आंधळगावच्या. घरात माग होता तेव्हाच्या गोष्टी अजून सांगायच्या. नवरा गेला, मुलगा पुण्याला, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण पहाटे नळाला हवा सुटली की उठायच्या, चहा मांडायच्या आणि पहिला कप इश्वरला नेऊन द्यायच्या. तो ज्या व्हॉल्व्हवर असेल तिथे. लाल चिंधी धूसर दिसली की डावीकडून जायचं, हे त्यांनी पायाला शिकवून ठेवलं होतं. इश्वर त्यांना म्हणायचा, “माय, कायले येतेस अंधारात? मी येतो न तिकडे.” त्या ऐकायच्या नाहीत. गारठलेल्या हाताने पाणी सोडतो पोरगा, असं म्हणायच्या. पोरगा तेव्हा पंचेचाळिशीचा होता.

मग आमच्या तिसऱ्या गल्लीचा सिमेंट रस्ता मंजूर झाला. भूमिपूजनाला मोठी मंडळी येणार म्हणून आदल्या दिवशीपासून झाडझूड सुरू झाली. नाल्या उपसल्या, चुन्याच्या रेघा ओढल्या, आणि समारंभाच्या सकाळी ट्रॅक्टरमध्ये कचरा भरणाऱ्यांनी ती वाळकी फांदीही कचऱ्यात टाकली. भर गल्लीत ते झुडूप बरं दिसत नव्हतं. खड्ड्यावर हिरवी मॅट अंथरली, म्हणजे फोटोत खड्डा यायला नको. इश्वरला त्या दिवशी सकाळपासून मांडवाजवळ टँकरवर उभं केलं होतं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मला होतं. मी तिथेच उभा होतो, नारळ फुटताना टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन लिहिलं, ‘विणकर लेआउटचा कायापालट.’

दुसऱ्या दिवशी मांडववाला पहाटेच मॅट गुंडाळून घेऊन गेला. इश्वर पहिल्या गल्लीतल्या व्हॉल्व्हवर वाकला होता. सत्यभामाबाई चहा घेऊन निघाल्या. चिंधी दिसली नाही, म्हणजे खड्डा अजून पुढे आहे, असं त्यांना वाटलं असणार.

आवाज ऐकून इश्वर धावला. त्यानेच त्यांना वर काढलं, पाठीवर घेतलं आणि रिक्षा मिळेपर्यंत तसाच चालत राहिला. खुब्याचं हाड मोडलं होतं. नागपूरला नेलं, नवव्या दिवशी त्या गेल्या.

माणूस मेला की चौकशी होतेच. झाकण गेल्याचं व्हॉल्व्हमनने कळवलं का, एवढाच प्रश्न होता. फांदी कोणी उचलली, मॅट कोणी टाकली, हे कोणी विचारलं नाही. इश्वर म्हणाला, मी तीन वेळा अर्ज दिला. पोच दाखव, म्हणाले. भय्याजींना विचारलं, तर आवक रजिस्टरमध्ये असा कागद चढलेला नाही, असं त्यांनी लिहून दिलं. ते खोटं नव्हतं. रजिस्टरमध्ये त्यांनी चढवलाच नव्हता. झाकणाचा कागद चढला की झाकण बसवावं लागतं, आणि रस्ता होणारच आहे तर आता कशाला, असं वरून आलं होतं. पुढे एकदा त्यांनीच मला हे सांगितलं, आणि सांगताना पानाला चुना लावत होते.

इश्वर माझ्याकडे आला. या वेळी पायरीवर बसला नाही, उभाच राहिला.

“गुरुजी, तुम्ही फक्त येवढं सांगा का अर्ज मी लिवले. बाकी काही नोको. अक्षर तुमचं आहे, तारखा तुमच्या ध्यानात आहेत. मी कायम नाही झालो तरी चालते. पर मायले मी मारलं असं नोको लिवू देऊ कोणाले.”

मी हो म्हणालो. अगदी खांद्यावर हात ठेवून हो म्हणालो. त्याच संध्याकाळी पालिकेची प्रेस नोट आली आणि पाठोपाठ संपादकांचा फोन. आपण बातमीदार आहोत, साक्षीदार नाही, असं ते गोड आवाजात म्हणाले. पालिकेच्या जाहिरातींचं पान दर आठवड्याला येतं, हे त्यांना सांगावंही लागलं नाही. मी प्रेस नोट बातमीच्या भाषेत उतरवून पाठवली. ‘व्हॉल्व्हमनच्या हलगर्जीपणामुळे वृद्धेचा बळी.’ हलगर्जीपणा हा शब्द त्यांच्या नोटेत नव्हता. तो मी घातला, कारण मथळ्यात बरा दिसतो.

चौकशीच्या दिवशी मी साकोलीला एका सत्काराची बातमी आणायला गेलो. तिथे जायची काही गरज नव्हती. दुपारी सत्कारमूर्तींच्या पंगतीत बसून मी वरणभात खाल्ला, दोनदा वाढून घेतला, आणि घड्याळ बघत राहिलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशी ती त्या वेळी इकडे चालली होती. फाशीचा दोर वळून देणारा मी तिकडे मठ्ठा पीत होतो.

इश्वरला कामावरून काढलं. यादीतलं नाव खोडलं. तो भांडला नाही, माझ्या दारातही आला नाही.

नवा माणूस आला आणि तिसऱ्या दिवशी विणकर लेआउट कोरडा पडला. त्याचीही चूक नव्हती. तिसऱ्या गल्लीच्या व्हॉल्व्हचा दांडा झिजलेला होता. इश्वर त्याला मोजून साडेसात फेरे द्यायचा, मग अर्धा फेरा मागे घेऊन किल्ली जराशी वर उचलून धरायचा. हे कुठल्या कागदावर नव्हतं. एकोणीस वर्षं त्याच्या मनगटात होतं. चार दिवस नळाला थेंब नाही. बायका पाण्याचे रिकामे गुंड घेऊन भय्याजींच्या फाटकाशी बसल्या. त्याच चार दिवसांत सत्यभामाबाईंचा मुलगा आईचं सगळं उरकून, घराला कुलूप लावून पुण्याला परत गेला.

पाचव्या दिवशी सकाळी भय्याजी मला म्हणाले, “चाल, इश्वरकडे जाऊ. तुह्यं ऐकते तो.” माझं तो का ऐकेल, हे मी विचारलं नाही. पाण्यासाठी मीही तोंड घेऊन गेलो.

इश्वरने आम्हाला बसायला खाट टाकली. त्याच्या बायकोने पाणी दिलं, पण आमच्याकडे बघितलं नाही. भय्याजींनी सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं. आत गेला, बराच वेळ आत होता. मग सदरा घालून आला आणि सायकल काढली.

तिसऱ्या गल्लीत खड्ड्यावर अजून झाकण नव्हतं. रस्ता व्हायचा होता म्हणे. इश्वर खड्ड्यात उतरला, भय्याजींनी दिलेली किल्ली बसवली. मी काठावर उभा राहून मनातल्या मनात फेरे मोजले. साडेसात, मग अर्धा मागे. गल्लीभर नळांतून हवा सुटली आणि बायका गुंड घेऊन पळाल्या.

एका घरात कोणी पळालं नाही. सत्यभामाबाईंच्या अंगणातला नळ तसाच उघडा राहिला होता. कोरड्या दिवसांत कोण बंद करतो? पाणी आलं आणि मोकळ्या अंगणात पडायला लागलं. इश्वर खड्ड्यातून वर आला, फाटकाच्या कुलपाकडे बघितलं आणि भिंतीवरून आत उतरला. ओंजळभर पाणी प्यायला. नळ घट्ट बंद केला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि ते त्याने पुसलेही नाहीत.

भय्याजी हसून म्हणाले, “उपकार झाले बावा. किल्ली राहू दे तुह्यापाशीच, उद्यालेबी ये.”

इश्वरने किल्ली त्यांच्या हातात दिली. मग खिशातून कागद काढला, वहीचा फाडलेला. त्याच्या दोन प्रती होत्या. पहिल्यांदाच त्याने स्वतः लिहिलं होतं, तेच कोंबडीच्या पायांचं अक्षर. आज तारीख अमुक, भय्याजींच्या बोलावण्यावरून पाणी सोडलं, किल्ली परत केली, तिसऱ्या गल्लीच्या खड्ड्यावर आजही झाकण नाही, हे याआधी तीन अर्जांनी कळवलं होतं.

“पोच द्या,” तो म्हणाला.

“अबे, घरच्या माणसाले...” भय्याजींनी सुरुवात केली. बायका नळावरून बघत होत्या. त्यांनी पेन काढला, कागद भिंतीला टेकवला आणि ‘मिळाले’ असं लिहून सही केली. दुसऱ्या प्रतीवरही केली.

मग इश्वरने कागद माझ्यापुढे धरला. खाली त्याने आधीच एक ओळ मोकळी सोडली होती. तिच्या सुरुवातीला लिहिलं होतं, ‘तिन्ही अर्ज लिहिणारा’.

मी सही केली. मधुकर निखारे, पूर्ण नाव. इतक्या वर्षांत खऱ्या मजकुराखाली माझं नाव पहिल्यांदा लागलं, आणि त्याचा आता कोणाला काही उपयोग नव्हता. चौकशी बंद झाली होती, यादी वरून मंजूर होऊन आली होती, आणि चहा घेऊन येणारी म्हातारी नव्हती.

इश्वरने ते नाव बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. एक प्रत भय्याजींना दिली, दुसरी घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. नंतर तो नाल्याकडे गेला, बेशरमाची एक ओली फांदी तोडून आणली आणि खड्ड्यात नीट उभी केली. चिंधी सापडली नाही म्हणून गळ्यातला दुपट्टा काढून शेंड्याला बांधला, आणि सायकल हातात धरून पुलाकडे चालत गेला.