विंचवाचा प्रयोग

आमच्या ह्यांना मरायला फार आवडतं. तरुणपणी हौशी नाटकांत त्यांच्या वाट्याला हातात भाला धरून उभं राहायची कामं आली. बोलायला वाक्य कधी मिळालं नाही, आणि ती न मिळालेली सगळी वाक्यं त्यांच्या पोटात साठून राहिली. मी नर्स म्हणून निवृत्त झाले आणि शाळेच्या मागच्या अंगणात दर शनिवारी मुलांना शिकवायला लागले: कुठला किडा चावतो, कुठल्या झाडाला हात लावायचा नाही, आणि लावलाच तर पुढे काय करायचं. शिकवायला रोगी लागतो. रोगी घरातच होता.

"आज मला काय झालंय?" हे चहा पिताना विचारायचे.

"मुंगळा चावलाय. पायाला."

घरी एवढंच ठरायचं. अंगणात पोचलो की त्या मुंगळ्याचा पार राक्षस व्हायचा. हे पाय धरून खाली बसायचे, मग आडवे व्हायचे, मग समोरच्या मुलाचा हात हातात घेऊन म्हणायचे, "बाळा, माझ्या मागे म्हातारीकडे लक्ष दे." गोचिडीच्या धड्याला त्यांना दिसेनासं झालं. कण्हेरीचं पान चघळलं तर काय होतं हे दाखवताना ते इतका वेळ मरत राहिले की मधली सुट्टी संपली.

"अहो, मुंगळा चावलेला माणूस मृत्युपत्र सांगत नाही," मी म्हणायचे.

"तू औषधाचं बघ. अभिनयाचं मी बघतो."

मुलं हसून लोळायची, पण शिकायचीही. त्यांतली तिघं माझी खास. एकाला सगळे भोंगा म्हणतात, कारण त्याची कुजबुज फाटकापर्यंत ऐकू जाते. दुसरा वकील; त्याला कुठलीही गोष्ट सांगा, तो आधी "कशावरून?" विचारतो. तिसरी चिमणी. ती सगळ्यांत लहान, आणि बोलते इतकं कमी की हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते.

अडचण सहलीची होती. ओढ्याकाठी एक दिवस जायचं, झाडं बघायची, डबा खायचा, एवढीच मुलांची मागणी. पण मागच्या सहलीत एकाने केसाळ सुरवंट मऊ लागतो म्हणून टोपीत घालून आणला होता आणि ती टोपी सगळ्यांनी आळीपाळीने घातली होती. परतीच्या वाटेवर अख्खा वर्ग डोकं खाजवत होता. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, तेव्हाच सहल बंद केली.

मी ह्यांना घेऊन रदबदली करायला गेले. बाईंनी ऐकून घेतलं. "शनिवारी मी स्वतः येते," त्या म्हणाल्या. "एक रोगी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मुलांनी नीट केलं तर सहल. पण नुसता खिदळण्याचा कार्यक्रम निघाला तर पुन्हा विषय काढायचा नाही."

खिदळण्याचं कारण माझ्याशेजारी बसून खारी खात होतं.

शनिवारी सकाळी मी ह्यांना बजावलं. "आज विंचू आहे. भिंतीला फळी टेकवलेली आहे, तिच्यामागे मी कागदाचा विंचू चिकटवलाय. तुम्ही मागे हात घालायचा आणि हात ओढून घ्यायचा. बास."

"बास कसं? विंचू आहे तो."

"आज कमी करा. अगदी कमी. मुलं हसली तर सहल गेली."

"विंचू चावलेला माणूस कमी करत नाही गं."

"आज करतो."

ह्यांनी कप खाली ठेवला. एखाद्या नटाची भूमिका ऐन वेळी काढून घ्यावी, तसा चेहरा.

अंगणात मुलं ओळीने उभी होती. हसू येऊ नये म्हणून भोंग्याने दोन्ही गाल आतून दातांत धरले होते. मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या. हे गुणगुणत फळीपाशी गेले, मागे हात घातला, आणि हात बाहेर काढून त्याच्याकडे बघत राहिले.

"अं," म्हणाले. मग कट्ट्यावर जाऊन बसले आणि हात काखेत घातला.

मला भरून आलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं ऐकलं होतं.

शिकवल्याप्रमाणे वकील पुढे झाला. "काय झालं आजोबा?"

"काही नाही."

वकिलाने माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, तुम्हाला विंचू चावलाय," भोंगा कुजबुजला, आणि पलीकडच्या रस्त्यावरून जाणारा पोस्टमन थांबला.

"हो हो. जरा थांब रे."

"मग सांगा ना, कुठे दुखतंय?"

"काही नाही रे बाबा. बसू दे जरा."

वकील बाईंकडे वळला. "बाई, आज त्यांचं जमत नाहीये. एरवी फार छान मरतात."

"रोगीच बोलणार नसेल तर मी मुलांचं काय बघायचं?" बाई घड्याळ पाहत म्हणाल्या. ओळीतल्या मुलांचे चेहरे उतरले. ओढा डोळ्यांदेखत लांब चालला होता. मी मनात म्हटलं, कमी करा म्हणजे इतकं कमी नव्हे हो. आता ह्यांना ढोसावं म्हणून निघाले, तर चिमणी आधीच त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसली होती.

"आजोबांना खरंच चावलंय," ती म्हणाली.

"कशावरून?" वकील.

"ते 'काही नाही' म्हणाले. ते असं कधीच म्हणत नाहीत."

मी ह्यांचा हात काखेतून ओढून काढला. अंगठीचं बोट लाल होऊन टम्म फुगायला लागलं होतं. आणि फळीच्या वरच्या कडेवर, जागेचं भाडं वसूल करायला आल्यासारखी, एक गांधीलमाशी ऐटीत फेऱ्या मारत होती.

मी ह्यांचा चेहरा पाहिला, ओठ पाहिले, श्वास पाहिला. सगळं ठीक होतं. पुढे हात घालणार तोच वकील म्हणाला, "आजी, मधे येऊ नका. पेशंट आमचा आहे." मी ह्यांच्या तोंडावरची नजर न काढता हात मागे बांधून उभी राहिले. आयुष्यभर पट्ट्या बांधलेल्या बाईला हे किती जड जातं ते विचारू नका.

"सगळ्यांनी फळीपासून लांब," भोंग्याने हुकूम सोडला. "हळू. पळायचं नाही, हात हलवायचे नाहीत. बाई, तुम्हीपण." बाई खुर्चीतून उठल्या आणि हात अंगाला चिकटवून, इस्त्रीच्या कपड्यासारख्या ताठ, पलीकडच्या भिंतीपर्यंत गेल्या.

ह्यांना सावलीत बसवलं. वकिलाने बोट डोळ्यांजवळ नेलं. "काटा दिसत नाही. मधमाशी असती तर काटा राहिला असता, तो लगेच खरवडून काढायचा. पण फळीमागे हात घालायच्या आधी तुम्ही काठीने ठोकलंत का?"

"नाही," हे म्हणाले.

"गेल्या शनिवारी काय शिकलो आपण?"

"चुकलं."

"अंगठी," चिमणी म्हणाली. सूज वाढली की अंगठी रुतते, ती आधी काढायची, हे तिला आठवलं होतं.

"ती निघायची नाही बाळ. लग्नाची आहे."

"लग्न राहू दे, अंगठी काढू," वकील म्हणाला. साबणाचा फेस करून तिघांनी मिळून ती फिरवत फिरवत सोडवली. चिमणीने ती हरवू नये म्हणून स्वतःच्या अंगठ्यात घातली आणि मूठ मिटली. मग बोट साबणाने धुतलं. भोंगा शाळेच्या स्वयंपाकघरातून बर्फ आणायला गेला. तो परत येईपर्यंत ओला रुमाल ठेवला, आल्यावर त्याच रुमालात बर्फ गुंडाळला.

"श्वास जड वाटतो का?" वकिलाची उलटतपासणी सुरू झाली. "जीभ जाड झाल्यासारखी? चक्कर? अंगावर पुरळ? खरं सांगा. ह्यातलं एक जरी असेल तर घरगुती उपाय नाही, तडक दवाखाना."

"यातलं काही नाही."

"हे 'काही नाही' खरं का मघासारखं?"

"खरं."

"आधी कधी गांधीलमाशी चावली होती?"

"एकदा. नाटकात भाला धरून उभा होतो तेव्हा. मानेला."

"मग काय केलंत?"

"काय करणार? राजाचं भाषण चालू होतं."

कुणीही हसलं नाही. ओळीतली सगळी मुलं ह्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होती, सुजतात का म्हणून. बराच वेळ तसं बसल्यावर ह्यांच्या चेहऱ्यावर रंग आला आणि त्यांनी बिस्किट मागितलं, तेव्हा मी मागे बांधलेले हात सोडले.

"पण तुम्ही ओरडला का नाहीत?" बाईंनी विचारलं.

"हिने कमी करा सांगितलं होतं," हे म्हणाले. मग बोटाकडे बघत, "आणि खरंच दुखायला लागल्यावर एवढ्या मुलांसमोर लाज वाटली हो."

त्या दिवशीचा धडा मी तिथेच बदलला. मुलांना म्हटलं, जो मोठ्याने रडतो तो निदान सापडतो. जो कोपऱ्यात बसून "काही नाही" म्हणतो, त्याला पुन्हा विचारायचं. तिसऱ्यांदाही विचारायचं.

"आणि तो विंचू?" बाई म्हणाल्या.

"तो कागदाचा आहे, मागेच बसलाय," वकील म्हणाला. "त्याची पाळीच आली नाही."

बाई हसू दाबत निघाल्या. एक पाऊल टाकलं आणि त्यांचा चेहरा किंचित आखडला.

"काय झालं बाई?" चिमणीने विचारलं.

"काही नाही."

सगळी ओळ एकदम बाईंकडे वळली. कुणीतरी खुर्ची आणली.

"अरे, खरंच काही नाही. मला मीटिंग आहे."

"बाई," चिमणी म्हणाली, "कुठे दुखतंय?"

बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं, सुटका नाही हे ओळखलं, आणि खुर्चीत बसल्या. "टाचेला. नवीन बूट आहेत."

बूट निघाला, मोजा निघाला. टाचेवर चांगला टपोरा फोड आला होता. "फोडायचा नाही," भोंग्याने पोस्टमनसकट सगळ्यांना कळवलं. चिमणीने पाय धुऊन हळूच टिपला. वकिलाने स्वच्छ कापडाची घडी ठेवली, वरून पट्टी गुंडाळली, आणि दोन्ही टोकं हातात धरून थांबला.

"बाई, सहलीचं काय ठरलं?"

"आधी गाठ मार."

"मारतोच आहे. सहलीचं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

"जा बाबांनो," बाई म्हणाल्या. "ओढ्यावर जा. मीही येते. चपला घालून."

मग वकिलाने गाठ मारली.