शेळीला म्हटलेलं 'जा'

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. लिहिता-वाचता मला येत नाही, पण एकदा ऐकलेलं मी विसरत नाही. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, गाणी ऐकायला मिळतील. वाट्याला आल्या भाषांच्या अभ्यासक बाई.

भाषांचीही भावंडं असतात. युरालिक भाषाकुळातल्या फिनिश भाषेत जाण्याला 'मेन्ना' म्हणतात, हंगेरियनमध्ये 'मेन्नी'. नातवंडांची नाकं पाहून कधी न पाहिलेल्या पणजीचं नाक ओळखावं, तसं अभ्यासकांनी मूळ क्रियापद ताडलं होतं: 'मेने'. त्याच कुळातल्या एका लहानशा भाषेत त्याचा वंश टिकला आहे का, हे बाईंना शोधायचं होतं. ती भाषा बोलणारी एकच आजी उरली होती.

आजींच्या स्वयंपाकघरात मला टेबलावर ठेवलं. दोघी एकमेकींशी बाजारात चालणाऱ्या भाषेत बोलत.

"आजी, तुमच्या भाषेत 'मी जाते' कसं म्हणतात?"

आजींनी सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हे तर 'मी येते' झालं!"

"मग? घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणतं का? भलतंच!"

"नुसतं म्हणून दाखवा ना."

"तुझं काय जातंय? घर माझं आहे!"

उत्तर मिळालं की बाई लगेच बटण दाबून मला थांबवत. फीत वाचवायची सवय. कितीतरी दुपारी अशाच वाया गेल्या. शेवटच्या दिवशी हिरमुसून सामान आवरताना त्या मला थांबवायला विसरल्या. तेवढ्यात शेजारची शेळी आत घुसली. आजी झाडू उगारून ओरडल्या, "मिना! मिना!"

बाई थिजल्या. "काय म्हणालात?"

"जा म्हटलं. ती काय माझी पाहुणी आहे?"

दोघी पोट धरून हसल्या.

'मिना'ला वंशावळीत जागा मिळाली. बाईंचं कौतुक झालं, मी कपाटात गेलो. पुढे आजी वारल्या. त्या दिवशी बाईंनी ती फीत लावली, भांड्यांचा आवाजसुद्धा ऐकला. बटणाकडे गेलेलं बोट त्यांनी मागे घेतलं.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. माझा रबरी पट्टा सैल पडला आहे आणि मी भंगाराच्या खोक्यात आहे. फीत अजून पोटातच आहे. मित्रांनो, मला खुशाल टाका, पण आधी पट्टा बदलून तिची नक्कल उतरवून घ्या. आणि शेळी पळाली म्हणून घाईने थांबवू नका. त्यानंतर बाई निरोप घेतात आणि आजी दारातून आपल्या भाषेत म्हणतात, "ये हं."

त्या भाषेतलं माझ्यापाशी असलेलं शेवटचं बोलणं तेच.