मुलुंडचं आगंतुक भोकर

मी भोकर बोलतोय. नाही ओळखलंत ना? लोणच्याच्या बरणीतलं भोकर लोकांना कळतं, झाडावरचं नाही. मुलुंडच्या या सोसायटीत सहा वर्षं उभा आहे, पण नावाने हाक म्हणून कोणी मारली नाही.

तळमजल्यावरच्या विद्याधररावांच्या अंगणात मला एका साळुंकीने टाकलं. कसं टाकलं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

बाग त्यांच्या पत्नीची, सुनंदाबाईंची. जास्वंद, तगर, अबोली, सगळं त्यांनी निवडून आणलेलं. गेल्या वर्षी त्या गेल्या. विद्याधररावांना झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी दुःखाच्या भरात जास्वंदीला इतकं पाणी पाजलं की ती कुजली. तगर, अबोली तिच्यामागून गेल्या. उरलो मी. मग मलाच ते सुनंदाबाईंनी लावलेलं झाड समजू लागले. रोज तांब्याभर पाणी, वर "आज आमटी जमली बरं का," असा अहवाल. खरं सांगायला मला तोंड नाही, आणि असतं तरी जीव कोणाला प्यारा नसतो?

परवा त्यांची लेक सई, बाग नव्याने लावायची म्हणून शौनकला घेऊन आली. लोकांच्या बागा सजवणं हाच त्याचा धंदा.

"काका, आता नेटिव्ह झाडांचीच चलती आहे," तो म्हणाला. "इथे तामण, तिथे कुडा, मध्ये शोभेसाठी अनंताचं झाड. सगळं नर्सरीतून टेंपोने येईल. हे जंगली तेवढं उपटू."

माझं अख्खं खानदान मागच्या डोंगरावर उभं, आणि इथलं झाड आणायला टेंपो!

"त्याला हात लावायचा नाही," विद्याधरराव म्हणाले. "सुनंदाने लावलंय ते."

"बाबा," सई हळूच म्हणाली, "आईने नाही रे लावलं. पक्ष्याने बी टाकलेलं. तीच म्हणाली होती मला."

झालं, लागली माझी वाट! शौनकने कुदळ उचललीसुद्धा.

विद्याधरराव माझ्या आणि कुदळीच्या मध्ये येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "ती दर रविवारी खुरपं घेऊन बसायची. नको असलेलं एक पातं ठेवायची नाही. हे ठेवलं ना तिने? मग?"

सईने तोंड फिरवलं. शौनकने कुदळ खाली ठेवली आणि तामणाची जागा दोन हात पलीकडे सरकवली.

खरंच, दर रविवारी सुनंदाबाईंचा हात माझ्या मानेपर्यंत यायचा आणि पुढे जायचा. मला वाटायचं, बाई चष्मा विसरल्या.

तर मंडळी, बाग हौसेने सजवा, अनंतही लावा. पण न बोलावता आलेल्याला उपटण्याआधी जरा चौकशी करा. शेजारच्या नंदकिशोरांच्या गाडीवर माझी चिकट फळं पडणार आहेत, त्याची माफी आत्ताच मागून ठेवतो.

काल तामण आलं. गळ्यात नर्सरीची चिठ्ठी, अंगात ऐट. म्हणालं, "मला सईताईंनी निवडलं. तुला?"

म्हटलं, "सुनंदाबाईंनी. दर रविवारी."